आठ गुणांचा प्रश्न

"हिला काय कमी पडतंय तेवढं सांगा डॉक्टर, आणतो," आण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी चेलनाची खालची पापणी अंगठ्यानं हलकेच ओढली, आतला रंग बघितला आणि ते कागदावर लिहायला लागले. कोल्हापुरातले हे आमचे तिसरे डॉक्टर. आण्णा, म्हणजे माझे सासरे, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, बोटात दोन अंगठ्या, आणि चेहरा मात्र परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. माझ्या मांडीवर दहा महिन्यांची चेलना. रडून रडून दमली होती, आता नुसती मूठ चोखत होती.

सातव्या महिन्यात ती रांगायला लागली होती. पुढच्या सोप्यातनं स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातनं परत सोप्यात, दिवसभर. "बा-बा" म्हणायची, आणि तो 'बा' आजोबांतलाच असं आण्णांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. नवव्या महिन्यात काहीतरी फिरलं. आधी भूक गेली. मग चार-चार दिवस पोट साफ होईना. मध्येच पाय पोटाशी घेऊन अशी किंचाळायची की शेजारचे भिंतीपलीकडनं विचारायचे, काय झालं. मग बा-बा थांबलं. मग रांगणंही. बसवली की बसवल्या जागी बसून राहायची, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी.

डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी आहे, लोहाचे थेंब लिहून देतो, आणण्यासारखं दुसरं काही नाही. मग माझ्याकडं वळून त्यांनी शिक्षण विचारलं.

"बी.एस्सी.," मी म्हणाले.

"केमिस्ट्री," आण्णांनी पुढं जोडलं. "फर्स्ट क्लास हाय."

"मग एक वही घाला," डॉक्टर मला म्हणाले. "काय खाते, कधी रडते, कुणाकडं असते, सगळं लिहा. औषधापेक्षा कधी कधी वही जास्त सांगते."

परतताना आण्णांनी गाडी थांबवायला लावून मला जाड पुठ्ठ्याची, शंभर पानांच्या वर असलेली वही घेऊन दिली. एक नाही, सहा.

आमच्या गावात घरोघर चांदीचं काम चालतं. पैंजण, जोडवी, कमरपट्टे. आण्णांचा कारखाना घरामागच्या परसात होता. तिथं सात कारागीर, आणि पुढं सोप्यात कड्या जोडायला बसणाऱ्या गल्लीतल्या बायका. अशा घरात केर हा केर नसतो. कापताना, घासताना चांदीची भुकटी उडते, अंगावर बसते, फरशीवर बसते. म्हणून झाडू नेहमी दाराकडनं आत मारायचा. केर उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, तो पत्र्याच्या डब्यात साठवायचा. कारागिरांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत सोडायचं नाही. मागच्या दाराशी एक मोठं पिंप होतं, त्यात सगळ्यांनी हात बुडवायचे, आठवडाभर तेच पाणी, आणि तळाला बसलेला गाळ उन्हात वाळवून तोही डब्यात टाकायचा. दिवाळीच्या आधी झारेकरी यायचा. तो ते डबे नेऊन, केर धुऊन-गाळून त्यातली चांदी काढून आणायचा. त्याची लहानशी वीट व्हायची आणि ती पूजेत ठेवली जायची.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी मी सोपा झाडला आणि माहेरी करायचे तसा केर सुपलीत भरून गल्लीत नेऊन टाकला. सासूबाईंनी पदर खोचला, सुपली घेतली, गल्लीत उकिडव्या बसल्या आणि मातीशेणासकट तो केर दोन्ही हातांनी गोळा करायला लागल्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, बस तू आत. समोरच्या कट्ट्यावरच्या बायका बघत होत्या. एकीनं विचारलं, "काय शोधालाय वो वैनी?"

"सुनंचं शिक्षण," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर टाकून आलीया, त्येच हुडकालोय."

सगळ्या हसल्या. मीही हसले. नव्या नवरीनं दुसरं काय करायचं असतं. पण त्या दिवसानंतर त्या घरात कशालाही हात लावण्याआधी, दुसरं कुणी ते कसं करतं हे मी बघून घ्यायला लागले. आपल्याकडनं काही सुचवायचं तर सोडूनच दिलं.

छळ नव्हता हो. उलट होतं सगळं. आण्णांनी माझं पदवीचं सर्टिफिकेट चंदेरी चौकटीत बसवून सोप्यात लावलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. माझ्या वडिलांनी, हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या माणसानं, सबंध आयुष्यात दोन खोल्यांवर तिसरी बांधली नव्हती. आणि इथं मला उकाडा होतो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी एसी बसला. मला ते सगळं आवडत होतं. खोटं कशाला सांगू. एम.एस्सी.चा फॉर्म भरायचा राहिला तेव्हा वाईट वाटलं ते आठ-पंधरा दिवस.

वही लिहायला लागले. सकाळी नाचणीचं सत्त्व, अर्धी वाटी. दहा वाजता रडली, वीस मिनिटं. दुपारी सोप्यात बायकांमध्ये. संध्याकाळी आण्णांकडं. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. त्यामुळं साडेपाच झाले की आण्णा घाईनं काम सोडून आत येत. पिंपात हात बुडवायचे, धोतराला पुसायचे आणि आधी चेलनाला उचलायचे. ती त्यांचा अंगठा तोंडात धरायची, दात शिवशिवत होते तिचे. तसंच तिला मांडीवर घेऊन ते जेवायचे, मऊ भाताची शितं चिमटीनं तिच्या जिभेवर ठेवायचे. ती माझ्या हातनं खायची नाही, त्यांच्या हातनं दोन शितं तरी जायची. हेसुद्धा मी लिहीत होते, रोज, वळणदार अक्षरात. संध्या. ५.३५, आण्णांच्या हातून थोडा भात खाल्ला. आणि खाली रेघ मारत होते.

सासूबाई वहीकडं बघून म्हणायच्या, पोरीचं अंग भरायच्या ऐवजी वही भराय लागलीया.

तेवढ्यात माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं आणि मी पंधरा दिवस माहेरी गेले. आण्णांनी सोबत डब्यातलं महागाचं दूध, थंड हवेचा कूलर, चांदीची वाटी-चमचा आणि औषधांची पिशवी दिली. आमच्या दोन खोल्यांत कूलर मावेना, तो व्हरांड्यात ठेवला. वडिलांनी त्याच्यावर वर्तमानपत्रं ठेवायला सुरुवात केली.

सहाव्या दिवशी चेलना आपण होऊन वरणभाताकडं हात करायला लागली. नवव्या दिवशी पोट साफ. बाराव्या दिवशी ती व्हरांड्यात बसली होती, वडील पेपर वाचत होते, आणि ती हातांवर पुढं झुकली. एक गुडघा टाकला, दुसरा टाकला, त्यांच्या पायापर्यंत जाऊन तिनं पेपर ओढला. मी दारातच खाली बसले.

वडील म्हणाले, "तिकडं ही दिवसभर करते काय?"

मी वही आणून दिली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. शास्त्राचा मास्तर, पण त्यांना आमच्या घरातला कारखाना कधी आतनं बघायला मिळालेला नव्हता. व्याह्याच्या घरी माणूस सोप्यातच बसतो. ते एवढंच म्हणाले, की खाणं दोन्हीकडं तेच आहे. मग खाण्यात नाही. दुसरं काहीतरी आहे, आणि ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे.

परत आले तो दिवस भट्टीचा होता. जुनी, मोडीची चांदी शुद्ध करायची असली की परसातल्या भट्टीत राखेचं आळं करून तीत चांदी वितळवतात आणि वितळताना तिच्यात शिसं घालतात. चांदीतला सगळा मळ ते शिसं आपल्यात घेतं, काही राखेत जिरतं, काही धूर होऊन जातं, आणि मधोमध स्वच्छ चांदीची टिकली उरते. हे काम आण्णा कारागिरांवर सोपवत नसत. त्या दिवशी मी गाडीतनं उतरले, चेलनाला सोप्यात फरशीवर ठेवलं, आणि मागच्या दारातनं आण्णा धावतच आले. नात पंधरा दिवसांनी आलेली. पिंपात हात बुडवायचंही त्यांना सुचलं नाही. तिला उचललं. तिनं त्यांचा अंगठा धरला आणि तोंडात घातला.

त्या अंगठ्यावर पिवळट करडी भुकटी होती.

मला पान दिसलं. खरंच सांगते, पानच दिसलं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, धातूंचा पेपर, प्रश्न तिसरा. चांदीतली अशुद्धी शिशाच्या साहाय्यानं दूर करण्याची पद्धत आकृतीसह लिहा. गुण आठ. मी भट्टीची आकृती काढली होती, हवेचा झोत बाणानं दाखवला होता, आणि शेवटचं वाक्य पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलं होतं. तयार होणारं शिशाचं भस्म झोताबरोबर उडून जातं. मला आठपैकी सात मिळाले होते. उडून ते कुठं जातं हे पुस्तकात नव्हतं आणि पेपरातही कुणी विचारलं नव्हतं. आणि मी त्याच भट्टीपासून वीस पावलांवर दोन वर्षं राहिले होते, तिच्या धुरात लेकीची दुपटी वाळत घातली होती.

मी चेलनाला त्यांच्या हातनं घेतलं. दूध पाजायचंय, म्हणाले. आत नेऊन तिचं तोंड, हात, जीभ ओल्या फडक्यानं पुसत बसले. ती रडत होती, तिला आण्णा हवे होते.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नवऱ्याला, शीतलना, सांगितलं. ते ऑर्डरींसाठी फिरतीवर असायचे, चार दिवस घरी आले होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चेष्टा केली नाही. मग म्हणाले, "रोहिणी, मी याच फरशीवर रांगलोय. माझी बहीण रांगलीय. गल्लीतली सगळी पोरं अशीच वाढली. आम्हाला कुणाला काही झालं का?"

त्यांचं म्हणणं चोख होतं. प्रयोगशाळेत असं म्हणतात, दहा वेळा जे झालं नाही ते अकराव्या वेळी का व्हावं याचं कारण द्या. माझ्याकडं कारण नव्हतं. एक प्रश्न होता आठ गुणांचा, आणि आईच्या मनातली भीती. पुन्हा हेही होतं, की बोलायचं म्हणजे कुणाला बोलायचं. आण्णांना. तुमच्या हातानं तुमची नात आजारी पडते म्हणायचं. आणि खोटं निघालं तर सासूबाई परत पदर खोचून गल्लीत बसतील, या वेळी काय हुडकताय म्हणून विचारलं की काय म्हणतील, तेही मला ऐकू येत होतं.

मी गप्प बसले. गप्प बसून मला जमेल तेवढं करत राहिले. चेलनाला फरशीवर ठेवायची नाही, कडेवरच ठेवायची. साडेपाचला तिला झोपवायचा प्रयत्न करायचा. आण्णा आत यायचे, पाळण्याजवळ उभे राहायचे, मग एकटेच जेवायला बसायचे. एकदा म्हणाले, "पोरीची सवय मोडालीस व्हय माझी?" मी म्हणाले, झोपेची वेळ बदललीय तिची. पण सबंध दिवस पहारा देता येतो का. मी आंघोळीला गेले की ती सोप्यात असायचीच, बायका कौतुकानं तिच्या हातात चांदीची कडी द्यायच्या, चघळायला.

तेवीस दिवस. वहीत आहेत सगळे. माहेरी परत आलेलं रांगणं आठव्या दिवशी थांबलं. अठराव्या दिवशी तिनं वरणभात थुंकून टाकला.

तेविसाव्या दिवशी सासूबाई वाटण वाटत होत्या आणि बोलता बोलता घराच्या भरभराटीवर आल्या. आधी मोडीची चांदी गावाबाहेर ओढ्याकाठी एका गाळणाऱ्याकडं न्यावी लागायची, म्हणाल्या. तो मधे खायचा. शीतलच्या लग्नाच्या साली ह्यांनी भट्टी घरामागं बांधली आणि मग कुठं हातात पैसा राहायला लागला. तुझ्या पायगुणानंच म्हणायचं, त्या म्हणाल्या. हे त्या पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या.

मी हातातलं काम खाली ठेवलं. शीतल रांगत होते तेव्हा घरामागं भट्टी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जाऊन येते असं सांगून मी चेलनाला घेऊन बाहेर पडले आणि कोल्हापूरची एसटी धरली. गाडी मागितली असती तर कुठं ते सांगावं लागलं असतं. डॉक्टरांना म्हणाले, हिच्या रक्तातलं शिसं तपासायचंय. त्यांनी वर बघितलं. मी भट्टीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, हे मला तुम्हीच सांगू शकत होता. नमुना मुंबईला गेला. मी आठ दिवस थांबले, आठही दिवस गप्प. कागद हातात आला. लहान पोराच्या रक्तात शिशाचा आकडा पाच निघाला तरी डॉक्टर लक्ष ठेवतात. चेलनाचं बावन्न होतं.

त्या संध्याकाळी आण्णा जेवायला बसले होते. सासूबाई वाढत होत्या, शीतल फिरतीवरनं नुकतेच आले होते. मी तो कागद आण्णांच्या ताटाशेजारी ठेवला.

"काय हाय हे?"

मी सांगितलं. रक्तात शिसं आहे. लहान पोराच्या अंगात ते भरलं की आधी पोट धरतं, रक्त कमी करतं, आणि मग डोक्यात जातं.

"शिसं?" सासूबाई म्हणाल्या. "आपलं चांदीचं घर. हितं शिसं कुठनं येईल?"

आण्णांचा घास हातात होता. तो त्यांनी ताटात परत ठेवला. "मीच घालतोय की ते," ते म्हणाले. "भट्टीत." मग त्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. "म्हंजे माझ्या हातातनं?"

"हातातनं. धोतरावरनं. या फरशीवरनं. पिंपातल्या पाण्यातनं," मी म्हणाले. "आण्णा, तुमचं पोट वर्षभर दुखतंय, तुम्ही ओवा खाताय, तेही याच्यामुळंच असणार."

"माझं जाऊ दे," आण्णा म्हणाले.

शीतल काहीतरी बोलायला लागले, पण आण्णांनी हात वर केला. ते माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. कामात एखादी गोष्ट कळली नाही की कारागिराकडं बघायचे तसं.

"तुला कधी कळलं हे?"

आज कागद आला तेव्हा, असं म्हणता आलं असतं. कुणी तपासायला जाणार नव्हतं. शीतल खाली बघत होते. तेही काही बोलले नसते.

"भट्टीत शिसं घालतात, त्याचा धूर होतो, हे मी कॉलेजात शिकले होते," मी म्हणाले. "पेपरला आलं होतं. आणि चेलनाला त्याचंच होतंय हे महिना झाला कळून. माहेरनं आले त्या दिवशी."

"महिना," ते म्हणाले. बाहेर अजून उजेड होता, पण त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

"रोहिणी," आण्णा म्हणाले, "मी चौथीपतुर शाळा शिकलेला माणूस. माझ्या बानं चौथी न्हाई. ही तर शाळंच्या दारात गेली न्हाई. हे मला दुसरं कोण सांगणार हुतं?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. सासूबाईंचा टोमणा मला दोन वर्षं पुरला होता. हा प्रश्न अजून पुरतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी फोडली. ओढ्याकाठी कारखान्यासाठी जागा घेतली, कारागिरांना तिथंच आंघोळ करून कपडे बदलायला खोली बांधली. सोपा धुवायला मी बादली घेतली, तर सासूबाईंनी ती माझ्या हातातनं ओढून घेतली आणि पाणी ओतून ओतून उंबऱ्याबाहेर काढलं, तीन दिवस. समोरच्या कट्ट्यावरनं कुणीतरी विचारलं, वैनी, चांदी चालली न्हवं गटारात. त्यांनी वरही बघितलं नाही. पैशाची कुणी तमा केली नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या घरानं पैसा कधी पोरीपेक्षा मोठा मानला नव्हता. त्यांना फक्त माहीत नव्हतं. माहीत मला होतं.

औषध मुंबईहून यायचं, अंगातलं शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढणारं. दीड वर्ष चाललं. चेलना पुन्हा रांगली, पुढं चालली, पुढं बोलली, सगळं इतर पोरांच्या मागनं. आण्णा तेव्हापासून दोनदा साबणानं हात धुऊन, ते हात मला दाखवून मगच तिला घ्यायचे. मी नको म्हटलं तरी दाखवायचे.

आता ती नऊ वर्षांची आहे, तिसरीत. सुरेख दिसते, हसरी आहे, वर्गातल्या सगळ्यांना डब्यातलं वाटते. तिच्या नावावर आजोबांनी ओढ्याकाठची जागा केली आहे, दागिने आहेत, गल्लीतल्या बायका म्हणतात, हिला कशाला हवंय शिकायला, बसून खाईल. खाईलही. डॉक्टरांना मी दरवर्षी विचारते. ते म्हणतात, ती अभ्यासात मागं पडते ते शिशामुळंच असं कुणी सांगू शकत नाही, काही मुलं मुळातच सावकाश असतात. मी महिनाभर आधी सांगितलं असतं तर काही फरक पडला असता का, हे मी एकदाच विचारलं. त्यांनी वहीची पानं उलटली आणि म्हणाले, तुम्ही वेळेत आणलंत हो. ते भले गृहस्थ आहेत.

काल संध्याकाळी आम्ही सातच्या पाढ्यावर होतो. हा आमचा चौथा आठवडा. सात पंचे पस्तीसपर्यंत ती येते आणि मग थांबते, कपाळाला बारीक आठी घालून, अगदी मनापासून शोधत राहते. मी घाई करत नाही. पूर्वी करायचे.

"सात सक," मी म्हणाले.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "काल येत होतं मला."

"हो. येत होतं."

"सांग ना."

"बेचाळीस."

"सात सक बेचाळीस," ती म्हणाली, दोनदा, वहीत लिहिलं, खाली रेघ मारली. पेन ठेवलं आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "आणि उद्या परत गेलं तर?"

"तर परत सांगेन."

"ओरडणार नाहीस?"

"नाही," मी म्हणाले. "पण तू विचारायचंस. आणि नाही विचारलंस, तरी मी सांगेन."